हेक-रास आणि हेक-एचएमएस : पहिला लोंढा आला की मॉडेल कोसळतं (पांझरा खोरं)

पांझराकाठ

राम राम मंडळी. मी धुळ्यात एम.टेक. करते आहे. विषय पांझरेच्या पाणलोटातला पूर. साक्रीकडचं वरचं खोरं हेक-एचएमएसमध्ये (पावसावरून प्रवाह काढणारं सॉफ्टवेअर) बसवलंय आणि तिथून निघणारा हायड्रोग्राफ (वेळेनुसार प्रवाहाचा आलेख) अक्कलपाडा धरणाच्या खालून धुळ्यापर्यंत आणि पुढे मुडावदला तापीच्या संगमापर्यंत हेक-रासच्या (नदीतली पाणीपातळी काढणारं सॉफ्टवेअर) अनस्टेडी, म्हणजे वेळेनुसार बदलत्या प्रवाहाच्या मॉडेलमध्ये सोडते. अडचणी दोन आहेत.

पहिली एचएमएसमधली. कान नदीच्या एका टप्प्याला मस्किंगम राउटिंग (पूर टप्प्यातून खाली नेण्याची पद्धत) दिलंय, के (टप्पा पार करायचा वेळ) २ तास, एक्स (टप्प्यातल्या साठ्यात वरच्या प्रवाहाचं वजन) ०.२, टाइम स्टेप (हिशेबाची पायरी) १५ मिनिटं. पूर चढायला लागला की टप्प्याच्या खालच्या टोकाला प्रवाह थोडा वेळ चक्क उणे दाखवतो, मग सरळ होतो. टाइम स्टेप १ तास केली तर उणे जातं, पण उपखोऱ्यांसाठी दुसरीच ताकीद येते, की टाइम स्टेप लॅगच्या (पाऊस आणि पुराचं शिखर यांमधल्या वेळेच्या) ०.२९ पटीपेक्षा मोठी आहे.

दुसरी रासमधली, आणि ती जास्त त्रासाची. पात्र कोरडं असेपर्यंत मॉडेल शांत चालतं. लोंढा आत शिरला की पाणीपातळीची चूक २० पुनरावृत्त्यांनंतरही आवरत नाही, पातळी मीटर-दोन मीटर वरखाली उडते आणि मॉडेल अस्थिर झाल्याचा संदेश देऊन बंद पडतं. टाइम स्टेप १५ मिनिटांवरून १ मिनिट, तिथून ५ सेकंदांवर आणली. कोसळणं थांबलं नाही, फक्त जागा बदलली.

सेक्शन (पात्राचे आडवे छेद) बहुतेक ३० मीटरच्या एसआरटीएम डीईएमवरून (अवकाशातून रडारने मोजलेल्या जमिनीच्या उंचीच्या नकाशावरून) काढलेत, अंतर साधारण २५० मीटर. काही फडांच्या (जुन्या सामाईक सिंचनाच्या) बंधाऱ्यांपाशी मात्र प्रत्यक्ष मोजणी आहे. पुढे काय तपासू?

शहादेकर

ताई, आधी एक सांगा. सगळ्यात पहिली चूक कोणत्या सेक्शनला आणि किती वाजता येते? मॉडेल शेवटी कुठे मेलं ते बघू नका. चूक एका जागी जन्मते आणि वरखाली पसरत जाते, त्यामुळे शेवटच्या ओळीतला सेक्शन बहुतेक वेळा निर्दोष असतो. लॉग (मॉडेल चालताना होणारी नोंद) वरून खाली वाचा आणि पुनरावृत्त्यांची मर्यादा पहिल्यांदा जिथे गाठली ती ओळ इथे टाका.

आणि एकक बघून घ्या. आपल्याकडे धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) सांगतात. मॉडेल मेट्रिकमध्ये असेल आणि आकडा तसाच गेला असेल, तर ३५ पट पाणी आत शिरतं. गोमाईवर काम करताना एका मित्राच्या फायलीत हेच निघालं होतं.

पांझराकाठ

एकक बरोबर आहे, सगळं क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर). लॉग वरून वाचला. पहिली ओळ दर वेळी एकाच भागात आहे, धुळ्याच्या वरच्या एका फडाच्या बंधाऱ्याखालचे दोन सेक्शन. वेळही तीच, लोंढ्याचं तोंड तिथे पोचतं तेव्हाची. सुरुवातीचा प्रवाह ०.५ क्युमेक दिलाय.

प्रमेय

जळगावच्या कॉलेजात गणित शिकवतो आणि नद्यांच्या मॉडेलांत रमतो. एचएमएसचा प्रश्न कागद-पेन्सिलीने सुटतो, तो आधी घेऊ.

मस्किंगमची पद्धत १९३८ ची, मॅकार्थी यांची. ओहायोतल्या मस्किंगम नदीवरून नाव पडलं. खालच्या टोकाचा नवा प्रवाह तीन गोष्टींच्या बेरजेतून येतो: वरचा आत्ताचा प्रवाह, वरचा मागच्या वेळचा आणि खालचा मागच्या वेळचा. प्रत्येकाला एक गुणक असतो आणि तिन्हींची बेरीज नेहमी १. पहिल्या गुणकाचा अंश असतो टाइम स्टेप वजा २ × के × एक्स.

ताई, तुमचे आकडे घाला. २ × २ × ०.२ म्हणजे ०.८ तास, म्हणजे ४८ मिनिटं. टाइम स्टेप १५ मिनिटं. अंश उणे झाला. हिशेब पुरा केला तर गुणक येतात -०.१५९, ०.३०४ आणि ०.८५५. समजा वरचा प्रवाह एका पायरीत १० वरून २०० क्युमेकवर गेला आणि खाली १० क्युमेक वाहतंय. नवा खालचा प्रवाह = -३१.९ + ३.० + ८.६, म्हणजे सुमारे उणे २० क्युमेक. नदी उलटी वाहिली असा त्याचा अर्थ नाही. सूत्राला जे विचारलं त्याचं उत्तर त्याने दिलं.

म्हणून नियम असा, की टाइम स्टेप २ × के × एक्सपेक्षा मोठी आणि २ × के × (१ - एक्स) पेक्षा लहान हवी. तुमच्या टप्प्याला ४८ मिनिटं ते १९२ मिनिटं. पण उपखोऱ्याचा लॅग ७० मिनिटं असेल तर त्याच्या ०.२९ पट म्हणजे जेमतेम २० मिनिटं. खोऱ्याला बारीक पायरी हवी, पात्राला मोठी. तुमची ओढाताण नेमकी ही आहे, आणि टाइम स्टेप बदलत बसून ती सुटणार नाही.

सुटते ती टप्प्याचे तुकडे करून. ३ तुकडे केले तर प्रत्येकाचा के ४० मिनिटं, खालची मर्यादा १६ मिनिटं, थोडक्यात हुकते. ४ तुकडे केले तर के ३० मिनिटं, मर्यादा १२ ते ४८ मिनिटं, आणि १५ मिनिटं त्यात नीट बसतात. गुणक ०.०४८, ०.४२९, ०.५२४. एकही उणे नाही.

धरणगावचा

एवढं कशाला? आम्ही एक्सेलमध्ये सरळ अट घालतो, प्रवाह उणे आला तर शून्य. ग्राफ सुंदर येतो.

प्रमेय

दादा, ग्राफ सुंदर येतो हे खरं, पण पाणी वाढतं. ते उणे पाणी नंतरच्या तासांतल्या जादा पाण्याची भरपाई करत असतं. उणे भाग छाटला आणि पुढचं तसंच ठेवलं तर वरून जेवढं आलं त्यापेक्षा जास्त पाणी खाली पोचतं. एकूण घनफळ वर आणि खाली मोजून बघा, फरक दिसेल. धुळ्यातली पूररेषा या आकड्यांवर ओढली जाणार असेल तर असं छाटलेलं पाणी मला मान्य नाही.

ताई, तुकड्यांची एक किंमतही सांगून ठेवतो, ती कोणी सांगत नाही. पूर टप्प्यातून जाताना जेवढा पसरतो, ते पसरणं के च्या वर्गाला (१ - २ × एक्स) ने गुणून मिळतं. तुकडे केले की त्याला तुकड्यांच्या संख्येने भाग जातो. म्हणजे ४ तुकड्यांत, एक्स तोच ठेवला तर, पसरणं मूळच्या पाव होतं आणि शिखर उंच राहतं. के आणि एक्स तुम्ही जुन्या पुरावर जुळवून घेतले असतील तर ती जुळणी मोडते. दुसरी वाट २ तुकडे आणि एक्स शून्य. मूळ पसरणं ०.६ × के वर्ग होतं, हे ०.५ × के वर्ग. जवळजवळ तेवढंच, आणि उणे व्हायला जागाच नाही. दोन्ही चालवून मोजलेल्या पुराशी ताडून बघा. उताराच्या नदीत पूर तसाही कमी पसरतो, त्यामुळे ४ तुकडेही खरे ठरू शकतात. सेक्शन आणि उतार हाताशी असतील तर मस्किंगम-क्युंज वापरा. क्युंज यांनी १९६९ मध्ये हाच पसरण्याचा हिशेब पात्राच्या उताराशी आणि रुंदीशी जोडला.

गेजवाचक

तापीवर गेज (पाणीपातळीची मोजपट्टी) वाचण्यात माझी सगळी नोकरी सरली. सॉफ्टवेअर मुलांकडून शिकतो आहे, पण पांझरा मला ठाऊक आहे. ताई, तुमच्या बंधाऱ्याबद्दल दोन गोष्टी विचारतो.

फडाचे हे बंधारे बुटके, दगडी, शेकडो वर्षांचे. पाणी अडवून पाटात वळवायचं, एवढंच त्यांचं काम. बेताच्या पाण्यात माथ्यावरून पाणी खाली पडतं आणि पायथ्याला उसळतं. मोठ्या पुरात मात्र बंधारा पूर्ण बुडतो. वरून बघितलं तर पाण्यावर नुसती एक लाट दिसते, खाली भिंत आहे हे नवख्याला कळतही नाही. तुमच्या मॉडेलात तो बंधारा बुडतो का? आणि बुडतो तर कोणत्या पातळीला?

दुसरं असं, की उन्हाळ्यात ही नदी म्हणजे सपाट कोरडी पट्टी नसते. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला गाळ भरलेला, बंधाऱ्याखाली डोह, डोहाच्या पुढे खडकाचा उंबरा, पुन्हा रेती. पहिलं पाणी आधी डोह भरतं, मग पुढे सरकतं. तुमचे सेक्शन अवकाशातून घेतलेल्या उंचीवरून काढलेले असतील तर यातलं काय त्यात आलंय ते बघा.

खाली मुडावदला तापी चढलेली असली की पांझरेचं पाणी तुंबून मागे सरतं. तिथे नुसता उतार देऊन मॉडेल सोडलं असेल तर शेवटचे सेक्शन खोटं बोलतील. तापीची पातळी वेळेनुसार द्या.

पांझराकाठ

काका, तुमचा निरोप वाचून लगेच तळाचा उभा छेद काढून पाहिला. डीईएममधले सेक्शन करवतीच्या दातांसारखे आहेत. एक सेक्शन खाली, पुढचा ३ मीटर वर, पुन्हा खाली. मोजणी केलेल्या बंधाऱ्याच्या माथ्यापेक्षा त्याच्या खालचा एक सेक्शन उंच आहे!

शहादेकर

सापडलं म्हणायचं. एसआरटीएमचं उड्डाण फेब्रुवारी २००० चं आणि उंचीच्या अचूकतेची अट १६ मीटरची. प्रत्यक्षात चूक त्यापेक्षा बरीच कमी असते, पण ४० मीटर रुंद पात्र म्हणजे एक-दोन पिक्सेल. त्यात काठावरचं झाड, बाभळीचं रान, सगळं मिसळतं. खोऱ्याचा आकार, क्षेत्रफळ, उतार यांसाठी हा डेटा उत्तम. नदीच्या तळासाठी तो तसाच घेऊ नये.

०.५ क्युमेक अशा उंचवट्यावर आलं की पाण्याची खोली जवळजवळ शून्य होते. हेक-रासची नेहमीची एकमितीय पद्धत सेक्शन कोरडा पडूच देत नाही. खोली शून्याकडे गेली की क्षेत्रफळाने भागताना वेग आकाशाला भिडतो आणि पुढच्या पुनरावृत्तीत पातळी उडते. त्यात वरून लोंढा येतो.

मी या क्रमाने जाईन. मोजलेल्या बिंदूंच्या मधला तळ एकसारखा उतरता करा. बंधारे आणि डोह मात्र तसेच ठेवा, ते खरे आहेत. मग स्टेडी (प्रवाह स्थिर धरणारं) मॉडेल त्याच कमी प्रवाहाला चालवा. ते जिथे अडखळेल तिथे अनस्टेडी नक्की कोसळणार. गरज पडली तर अरुंद पायलट चॅनेल (तळात कल्पिलेला चर) द्या, त्याचा एन (खडबडीतपणाचा आकडा) चढा ठेवा, म्हणजे पुराच्या वेळी त्याचा वाटा नगण्य राहील. किमान प्रवाह थोडा वाढवा, पण शिखराच्या मानाने तो क्षुल्लक आहे याची खात्री करा. प्रत्येक सेक्शनच्या हायड्रॉलिक टेबलांची (पातळीनुसार क्षेत्रफळ वगैरेंच्या तक्त्यांची) वरची टोकं पुराच्या पातळीपर्यंत पोचतात का तेही पाहा. टेबल संपलं की सॉफ्टवेअर अंदाजाने पुढे रेघ ओढतं.

प्रमेय

टाइम स्टेप ५ सेकंदांवर आणूनही का फुटलं, तेही सांगतो, कारण "पायरी बारीक कर" हा सल्ला सगळीकडे मिळतो.

कुरांट, फ्रीडरिख्स आणि लेवी यांनी १९२८ मध्ये दाखवलं की एका पायरीत लाट किती अंतर जाते आणि जाळीतलं अंतर किती, या गुणोत्तरावर स्थैर्य अवलंबून असतं. पाणी सेकंदाला २.४ मीटर वाहत असेल तर रुंद पात्रात पुराची लाट साधारण ५/३ पट, म्हणजे सेकंदाला ४ मीटर सरकते. सेक्शनमधलं अंतर २५० मीटर. १५ मिनिटांच्या पायरीत हे गुणोत्तर १४.४ येतं. हेक-रासची पद्धत इम्प्लिसिट (सगळ्या सेक्शनची समीकरणं एकत्र सोडवणारी) आहे, १ च्या वर गेलं म्हणून ती लगेच फुटत नाही, पण लोंढ्याचं तोंड पुसट होतं. ५ सेकंदांत गुणोत्तर ०.०८. इथे उलटा त्रास. लोंढ्याचं तोंड इतकं उभं होतं, की दोन सेक्शनच्या मधे पातळीची भिंत तयार होते आणि तिच्यामागे थरथर सुरू होते. तुमच्या अंतराला ६० सेकंदांच्या आसपास गुणोत्तर १ येतं. तिथूनच सुरुवात करा. आणखी एक पडताळा: पूर चढायला लागणाऱ्या वेळेच्या विसाव्या भागापेक्षा पायरी मोठी नको. २ तासांत चढत असेल तर ६ मिनिटं ही वरची हद्द.

अंतरासाठी सॅम्युअल्स यांचं सोपं सूत्र आहे: काठोकाठ खोलीच्या ०.१५ पट, भागिले उतार. खोली ३ मीटर आणि उतार ०.०००५ असेल तर ९०० मीटर चालतात. उतार ०.०१ असेल तर ४५ मीटरच. तापीच्या सपाटीवरचं अंतर सातपुड्याच्या नाल्याला लावून चालत नाही. बंधाऱ्याच्या वर-खाली तर सेक्शन दाट हवेतच.

चोपडेकर

सातपुड्याच्या नाल्याचा विषय निघालाच आहे तर माझा अनुभव लिहितो, कारण मला सगळ्यात जास्त त्रास एनने दिला.

डोंगरातल्या टप्प्यात एन ०.०३ धरला होता, नेहमीच्या तक्त्यातून. उतार ०.०१, खोली दीड मीटर. वेग येतो सेकंदाला ४.४ मीटर, फ्रूड अंक (पाण्याचा वेग भागिले उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग) १.१४. म्हणजे प्रवाह सुपरक्रिटिकल, लाटेपेक्षा वेगवान, आणि नेहमीच्या सेटिंगवर मॉडेल तिथे थरथरणारच. मिक्स्ड फ्लोचा पर्याय लावला की गप्प होतं, कारण फ्रूड अंक १ कडे गेला की तो पर्याय समीकरणातला जडत्वाचा भाग कमी करत जातो.

पण नाल्यात जाऊन पाहिलं तर एवढाले धोंडे. जॅरेट यांचं १९८४ चं सूत्र कोलोराडोतल्या असल्याच दगडगोट्यांच्या नद्यांवरून काढलेलं. तेच आकडे त्यात घातले तर एन ०.०५२ येतो. आता वेग २.५ मीटर, फ्रूड अंक ०.६६. सुपरक्रिटिकल प्रवाह नाहीसा, मॉडेल शांत, आणि मिक्स्ड फ्लोची गरजच उरली नाही. सूत्र कोलोराडोचं आहे, सातपुड्यात ते जसंच्या तसं खरं मानू नये, पण तक्त्यातला ०.०३ धोंड्यांच्या नाल्याला नाही हे त्यातून कळतं.

आमच्याकडे आणखी एक भानगड आहे. यावल-रावेरच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी बझाडाचा पट्टा आहे, दगडगोटे आणि वाळूचा. नाला डोंगरातून भरून येतो आणि या पट्ट्यात जिरून जातो. मॉडेलमध्ये ही जिरवण न दिल्यास खाली खोटा पूर येतो. ठरावीक आकड्याने वजा केली तर प्रवाह आटत आल्यावर नसलेलं पाणीही वजा होतं आणि सगळं बिघडतं. प्रवाहाने भिजलेल्या क्षेत्रावर जिरवण अवलंबून राहील अशी पद्धत घ्या, पाणी कमी झालं की ती आपोआप कमी होते. केळीच्या विहिरींना हेच पाणी मिळतं, त्यामुळे इथे तो आकडा नीट येणं फार महत्त्वाचं आहे.

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

एचएमएसमध्ये दोन्ही वाटा चालवल्या. ४ तुकड्यांत शिखर उंच आलं, २ तुकडे आणि एक्स शून्यमध्ये थोडं बसकं. प्रवाह कुठेच उणे नाही, आणि वर-खाली एकूण घनफळ जुळतं.

रासमध्ये तळ दुरुस्त केल्यावर निम्मं भांडण मिटलं. पायरी १ मिनिट ठेवली. बंधाऱ्याखाली मधले सेक्शन घातल्यावर लोंढा तिथून पार गेला. नंतर शिखराच्या वेळी तोच बंधारा पुन्हा थरथरला, काका म्हणाले तेव्हाच, बुडताना. वेअरचा (मॉडेलातल्या बंधाऱ्याचा) स्थैर्य गुणक वाढवला तर थांबतं, पण असं दाबणं योग्य आहे का? थीटा (हिशेबात नव्या वेळेच्या आकड्यांना दिलेलं वजन) १ वर आहे.

प्रमेय

आधी दाबून चालवा, मग हळूहळू सैल करा. थीटा १ सर्वांत स्थिर, ०.६ सर्वांत अचूक. थीटा थोडा थोडा खाली आणा आणि धुळ्यातलं शिखर दर वेळी टिपून ठेवा. शिखर हललं नाही तर १ वर ठेवायला हरकत नाही. हललं तर तुमचं शिखर नदीचं नसून सेटिंगचं आहे. वेअरच्या गुणकालाही हीच कसोटी. शेवटी लॉगमधली घनफळाची टक्केवारी पाहा. संदेश न येता पाणी हरवणारं मॉडेल कोसळणाऱ्या मॉडेलपेक्षा वाईट, कारण ते तसंच अहवालात जातं.

शहादेकर

ताई, रासची आवृत्ती कोणती आहे? ६.० पासून, म्हणजे २०२१ पासून, एकमितीय फायनाइट व्हॉल्यूमचा (पात्राच्या छोट्या भागांत घनफळाचा हिशेब ठेवणारा) पर्याय आहे. त्यात सेक्शन कोरडा पडू शकतो, पायलट चॅनेल लागत नाही. द्विमितीय तर ५.० पासूनच आहे, आणि धुळे शहरात पाणी काठाबाहेर पसरतं तिथे तेच घ्यावं. पण तळ डीईएमचाच राहिला तर द्विमितीय मॉडेल गुपचूप चालेल आणि चुकीच्या तळावर पाणी पसरवेल. तिथे कोसळण्याची सूचनासुद्धा मिळणार नाही.

गेजवाचक

बुडण्याचं विचारलंत म्हणून लिहितो. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला दोन्ही काठांवर पुराच्या खुणा शोधा. झाडाला अडकलेला काडीकचरा, धक्क्यावरचा गाळाचा पट्टा. जुन्या पाटकऱ्यांना विचारा, पाणी कुठवर आलं ते ते हाताने दाखवतात. खालची पातळी माथ्याच्या किती वर गेली एवढं कळलं तरी तुमच्या वेअरचा बुडण्याचा आकडा ठरवता येईल.

पांझराकाठ

काका, नक्की. बंधाऱ्याखालचे दोन सेक्शन आणि डोहाचा उंबरा स्वतः मोजायचं ठरवलंय, पाऊस लागायच्या आत. धुळ्यात कोणाकडे ऑटो लेव्हल आणि स्टाफ (उंची मोजायचं यंत्र आणि त्याची पट्टी) मिळेल का? विभागातलं यंत्र दुरुस्तीला गेलंय.

चोपडेकर

आमच्याकडे आहे. अमळनेरपर्यंत आणून देतो, तिथून घ्या. येताना बेंचमार्कची (उंची माहीत असलेल्या खुणेची) उंची लिहून आणा, नाहीतर सगळे सेक्शन आपसात जुळतील आणि बंधाऱ्याशी जुळणार नाहीत.